श्रीलंका मे महिना, फायनल म्हणजे फायनल

दादा: गुड मॉर्निंग. काल रात्री एक वाजेपर्यंत बसून प्लॅन काढलाय. दिवस 1 कोलंबो, 2 जाफना, 3 सिगिरिया, 4 कँडी, 5 ट्रेनने एल्ला, 6 याला नॅशनल पार्कात सफारी, 7 गॉल आणि मिरिस्साला व्हेल, रात्री फ्लाईट. बोला

काकू: छान आहे. जेवायचं कधी

ताई: हाहाहा काकू

मी: दादा तू नकाशावर बोटाने फिरलायस. कोलंबो ते जाफना जवळजवळ 400 किलोमीटर आहे, सात-आठ तास धर, पोचलो की झोपायचं आणि उठून परत निघायचं. देश लहान आहे खरा, आपल्या विदर्भाहूनही लहान, त्यामुळेच फसतो माणूस, पण आतले रस्ते वळणावळणाचे, मध्ये गावं, शाळेची पोरं, टुकटुक, बऱ्याच ठिकाणी तासाला 35-40 च्या वर गाडी जातच नाही. एक्सप्रेसवे आहे तो कोलंबोहून दक्षिणेकडे आणि एअरपोर्टला, आपल्या बाकीच्या रस्त्यावर फारसं काही नाही.

दादा: मग जाफना कट. बाकी राहू दे

ताई: बाकी पण नको रे. आम्ही डिसेंबरात गेलो होतो तेव्हा मिरिस्सा मस्त होतं कारण तेव्हा दक्षिण किनारा कोरडा असतो. तुम्ही मेमध्ये जाताय. तिथे दोन मान्सून आहेत, नैऋत्येचा मेच्या शेवटाला दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर येतो आणि त्याच्या आधीपासूनच समुद्र खवळायला लागतो, व्हेलच्या बोटीत ओकाऱ्या काढायला जायचंय का. ईशान्येचा डिसेंबर-जानेवारीत पूर्वेला. म्हणजे मेमध्ये पूर्व किनारा चांगला. त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा.

काका: त्रिंकोमाली म्हणजे शाळेत भूगोलात होतं ते. नैसर्गिक बंदर.

मी: हो काका तेच. मी म्हणते गॉल, एल्ला, याला सफारी सगळं पुढच्या वेळी. एकच गोल चक्कर मारू. उतरल्यावर कोलंबोत न शिरता थेट दांबुल्ला-सिगिरिया, तिथे दोन रात्री. मग त्रिंको दोन रात्री, कँडी एक, नुवारा एलिया एक, शेवटची निगोंबोला कारण एअरपोर्ट तिथून जवळ. सात रात्री झाल्या. मुंबईहून विमान अडीच तासांचंच आहे पण पहिला दिवस जायचा तो जातोच, आणि शेवटचा डोंगरावरून खाली उतरण्यात जाणार. हातात पाच दिवस राहतात, ते नीट बघू की.

दादा: एवढ्या लांब जाऊन याला सफारी नाही करायची?

वहिनी: एवढ्या लांब म्हणे. आपण नागपूरला ट्रेनने जातो त्याला जास्त वेळ लागतो

आत्या: नागपूरला नावं ठेवायची नाहीत

छोटू: हत्ती तरी?

मी: हत्ती मिळतील रे, सिगिरियाच्या बाजूला मिन्नेरिया आणि कौडुल्ला आहे, संध्याकाळची जीप घेऊ. शेकड्यांनी कळप जमतात ते जुलै ते सप्टेंबर, तळ्याचं पाणी आटून गवत उगवतं तेव्हा, मेमध्ये तेवढे नाही दिसणार पण दिसतील.

काका: सिगिरियाला चढ किती? गुडघा बोलतोय आधीच.

ताई: काका उंच खडकावरचा किल्ला आहे तो, साधारण बाराशे पायऱ्या, शेवटच्या टप्प्यात लोखंडी जिना. पण खालच्या बागा सपाटीवर आहेत, पाण्याचे हौद, कारंजी, पाचव्या शतकातली, कश्यप राजाने बांधलेली. तुम्ही तिथे फिरा, किंवा वरच्या दारापाशी मोठा सिंह होता त्याच्या पंज्यांपर्यंत हळूहळू या. सिंह गेला, पंजे उरलेत फक्त, तेच केवढे. आणि सगळ्यांनी गेट उघडतानाच जायचं, नऊनंतर तो दगड तव्यासारखा तापतो. वर गप्पाटप्पा जोरात नको, गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तशा पाट्याच लावल्यात.

काकू: म्हणजे आत्याबाई खालीच थांबतील

आत्या: मी चढणार आहे. गिरनार केलाय मी. तूच थांब खाली.

मी: पासपोर्ट प्रत्येकाने जवळ ठेवायचा तिथे. परदेशी लोकांना तिकीट 30-35 डॉलर आहे, आपल्याला सार्क म्हणून साधारण निम्मं, पण पासपोर्ट दाखवला तर. मोबाईलमधला फोटो चालेल या भरवशावर जाऊ नका.

आत्या: जेवणाचं सांगा आधी. शुद्ध शाकाहारी मिळतं का?

ताई: आत्या मिळतं, आणि तुला आवडेल बघ. राइस अँड करी म्हणून मागायचं, भात आणि सहा-सात वाट्या येतात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, फणसाची भाजी, भेंडी, बीट. सकाळी इडिआप्पा, ते हुबेहूब आपल्या मालवणी शिरवाळ्या, फक्त गोड रसाऐवजी तिखट कढीबरोबर. एक मात्र लक्षात ठेव, पोल सांबोल नावाची ओल्या खोबऱ्याची लाल चटणी सगळीकडे देतात, दिसायला एकदम निष्पाप, पण तिच्यात उंबलकड घालतात, वाळवलेल्या माशाचा चुरा. भाजीतसुद्धा टाकतात कधी. आईने पहिल्या दिवशी दोनदा मागून खाल्ली होती आणि म्हणत होती काय चव आहे.

आई: ते कशाला सांगायचं आता सगळ्यांना

आत्या: अरे देवा. मग विचारायचं कसं

ताई: नुसतं व्हेज म्हणू नकोस, उंबलकड नको असं नाव घेऊन सांग, लगेच कळतं त्यांना. त्रिंकोला तामिळ खानावळी आहेत तिथे इडली-डोसा निर्धास्त खा. आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपला भेर्ली माड, त्याच्या नीऱ्याची आटवून करतात, धुरकट वास येतो जरासा. मी रोज खाल्लं. एकादशी असेल तर साबुदाणा मात्र इथून ने.

काका: पेयांची काय व्यवस्था

काकू: आलं का

मी: काका मिळतं सगळं, पण दर पौर्णिमेला तिथे पोया असते, सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारू विक्री बंद. हॉटेलातही देत नाहीत. आणि मे म्हणजे वेसाक, बुद्धपौर्णिमा, तेव्हा तर मोठा सण, रस्त्यारस्त्यावर कागदी कंदील.

काका: तारखा ठरवताना पौर्णिमा टाळावी असं माझं नम्र मत आहे.

वहिनी: माझं उलट. वेसाक बघायला मिळालं तर कँडीचा मुक्काम त्यातच धरू, गर्दी झाली तर झाली. माझे बाबा नेहमी सांगायचे, 1950 साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला श्रीलंकेत गेले होते, दीक्षेच्या सहा वर्षं आधी. माझ्या बाबांना कँडीचा तो दळदा मालिगावा बघायचा होता, बुद्धाच्या दाताचं मंदिर. राहून गेलं. मला संध्याकाळच्या पूजेला उभं राहायचंय तिथे, बाकी तुम्ही हत्ती बघा नाहीतर मासे.

काका: मग वेसाकच धरा. माझं मत मागे.

काकू: पहिल्यांदा मागे घेतलं यांनी काही

मी: डन वहिनी. पूजा साडेसहाला असते, आपण तासभर आधी जाऊ. पांढरे किंवा फिके कपडे, खांदे-गुडघे झाकलेले, चपला बाहेर. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, कोणीच. छोटू तुझ्या दंडावर काय आहे रे

छोटू: ताई तो ध्यानस्थ बुद्ध आहे, आदराने काढलाय

मी: एका ब्रिटिश बाईने पण आदरानेच काढला होता, 2014 मध्ये एअरपोर्टवरच पकडली आणि परत पाठवली. फुल बाह्यांचे शर्ट घे. सात दिवस.

छोटू: मेमध्ये??

आत्या: मी सांगितलं होतं काढू नको. 

आत्या: अशोकवाटिका आहे ना पण यादीत?

मी: आहे आत्या, नुवारा एलियाच्या जरा पुढे सीता एलियाला, ओढ्याकाठी देऊळ आहे. आणि त्रिंकोला कोणेश्वर, समुद्रावरच्या कड्यावर शंकराचं देऊळ, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलेलं, नंतर पुन्हा बांधलं. किल्ल्यातून जावं लागतं आणि तिथे हरणं मोकळी फिरतात, हातातली पिशवी सांभाळायची. बाजूच्या कड्याला मोठी भेग आहे, ती रावणाने तलवारीने पाडली म्हणतात.

दादा: बरं त्रिंकोला पाण्यात काय आहे मला

मी: पिजन आयलंड. निलावेलीहून बोटीने, स्नॉर्कलिंग, नशीब असेल तर लहान शार्क दिसतात. पोवळ्यांवर पाय ठेवायचा नाही. आणि व्हेल बघायच्या बोटी मेमध्ये त्रिंकोहूनच निघतात, मिरिस्सा मिस झालं म्हणून रडू नकोस.

दादा: हे आधी सांगायचं ना मग. ओके. ट्रेन?

मी: ट्रेन कँडीहून नानु ओयापर्यंत, नुवारा एलियाचं स्टेशन ते. रिझर्व्हेशन 30 दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. पण 2025 च्या नोव्हेंबरात दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या लाईनचं खूप नुकसान झालं होतं, म्हणून गाडी त्या वेळी कुठून कुठपर्यंत धावतेय ते बघूनच तिकीट काढेन. नाहीतर आपली व्हॅन आहेच, नऊ जण आहोत, टोयोटाची मोठी केडीएच सांगितली आहे, ड्रायव्हरसकट, त्याची झोपायची सोय बहुतेक हॉटेलं करतात.

आई: स्वेटर लागेल का

मी: नुवारा एलियाला लागेल. कळसूबाईपेक्षा उंचावर आहे ते गाव. एकच घे, तीन नको.

छोटू: ताई मी सिंहली आकडे शिकलो. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. अट बघा ना. आणि मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. धाकट्या बहिणीला काय म्हणतात माहितीये?

ताई: छोटू नको

छोटू: नंगी

काकू: हे कोणी याला शिकवलं

ताई: खरंच तसं म्हणतात काकू, ड्रायव्हरने मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी पण दचकले होते. बरं ड्रायव्हरवरून आठवलं, महत्त्वाचं. कँडीच्या वाटेवर मातालेजवळ मसाल्यांच्या बागा लागतात. तो म्हणणार फुकट बघा, फक्त दहा मिनिटं. आमच्या एका बागेत एका माणसाने वेलची, व्हॅनिला, कोको दाखवलं, छान समजावलं, आईच्या पायाला तेल चोळून दिलं, आणि शेवटी काउंटरवर बिल. सांधेदुखीचं लाल तेल, एवढीशी बाटली, 18,000 श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले पाचेक हजार. आई म्हणाली बिचाऱ्याने एवढं चोळून दिलं, नाही कसं म्हणायचं. दुकानात थांबायचं नाही हे निघतानाच सांगा ड्रायव्हरला, त्याचं कमिशन असतं तर हिशेबात वरचे थोडे द्या पण थांबू नका.

आई: चांगला होता तो मुलगा. मला अम्मा म्हणत होता.

मी: पैशांचं, थोडे डॉलर घेऊ, बाकी 2024 पासून आपलं यूपीआय तिथे चालतं पण सगळीकडे नाही, टुकटुकवाल्याला रोखच. ईटीए म्हणजे तिथे जायची ऑनलाईन परवानगी, ती सरकारी साईटवरूनच काढायची, गूगलवर पहिली जी येईल ती उघडू नका. सगळ्यांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको.

काका: [फोटो]

मी: काका ग्रुपवर नको म्हटलं. डिलीट करा. आणि हा ऑगस्टमध्ये संपतोय, सहा महिने तरी शिल्लक लागतात. उद्याच रिन्यूअलची अपॉइंटमेंट घ्या.

दादा: बाबा तुम्ही म्हणाला होतात 2031

काका: ते लायसन्स.

काकू: मी घेते अपॉइंटमेंट. यांच्यावर सोडलं तर वेसाक पुढच्या वर्षीचा.

काका: बरं ते लाल तेल अजून शिल्लक आहे का? गुडघ्याला लावून बघतो.

आई: आहे ना. देवघराच्या दाराच्या बिजागरीला घालते मी. कुरकुर अगदी थांबली.