लेग प्रेस: तुम्ही पाय खाली कुठवर आणता?

लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, वजनाच्या किती प्लेटा लावता, हे विचारायला धागा काढलेला नाही. पाय खाली आणताना कुठं थांबता, ते सांगा. नागपुरात धरमपेठेत मी जातो त्या जिममध्ये ४५ अंशांची मशीन आहे. माझ्या मते सगळी मेख खालच्या टोकाला आहे. पायाखालची प्लेट छातीकडे येता येता एका जागी माकडहाड गादीवरून सुटतं आणि कंबर गोल होते. त्याच्या जरा आधी थांबायचं. मग गुडघा ९० अंशांत वाकला नाही तरी चालेल. शेजारच्याचं पाहून हे ठरवू नये. मांडीची लांबी, खुब्याची ठेवण ज्याची त्याची वेगळी. तुम्हाला तुमची जागा कशी सापडली?

मानेवाडा, वय ५८
माझे गुडघे झिजलेले आहेत, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. मी बसून ढकलायच्या, पिन खोचून वजन ठरवायच्या मशीनवर करते. ट्रेनर पोरगी बाजूला उभी राहून माझ्या गुडघ्यांकडेच पाहत असते. ते आत पडायला लागले की लगेच म्हणते, "काकू, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत!" पाय मी पायाखालच्या प्लेटवर थोडे वर ठेवते, त्यानं गुडघा कमी वाकतो आणि जोर मागच्या बाजूला जातो. दुखायच्या अलीकडेच थांबते. यंदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या कठडा न धरता चढले. उतरताना अजून धरावा लागतो.

सक्करदरा, जिम ट्रेनर
सगळे प्लेटा मोजून राहिले, पण रिकाम्या स्लेडचं, म्हणजे प्लेटा लावतो त्या सरकत्या सांगाड्याचंही वजन असते भाऊ! मशीनगणिक ते बदलते, म्हणून दुसऱ्या जिममध्ये जुना आकडा लावायचा नाही. नवीन माणसाला मी आधी रिकामी मशीनच देतो. टाचा उचलल्या गेल्या तर एक तर वजन जास्त आहे, नाही तर पाय फार खाली ठेवलेत. हातानं बाजूची हँडल धरा, गुडघे दाबू नका. वर गुडघे कटकन सरळ करून अडकवू नका, भार स्नायूंवरून सुटून सांध्यावर जाते. सेट झाला की आधी लॉक, दोन्ही बाजूंचा "खट्" ऐकायचा, मगच पाय काढायचे. प्लेटाही एक इकडची, एक तिकडची अशाच काढा.

त्रिमूर्तीनगर, फिजिओथेरपिस्ट
ढकलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्यानं चढतो. बीपीवाल्यांनी हे फार सांभाळावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. वजन कधी वाढवायचं? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस मी पेशंटना सांगते: ठरलेल्यापेक्षा एक-दोन रेप (एकदा खाली आणून ढकललं की एक रेप) जास्त होऊ लागले की २ ते १० टक्के वाढवा.

महाल, कबड्डी खेळतो
घोटा मुरगळल्यावर माझा डावा पाय मागे पडला होता. दोन्ही पायांनी दाबलं की उजवाच सगळं काम करून टाके. फिजिओनं एकेका पायानं करायला लावलं, तेही निम्म्याहून कमी वजनावर. पहिले डावा. डाव्याला जितके रेप जमतील, उजव्याला तितकेच, जोर उरला तरी. खाली आणताना मनात तीन मोजतो. आता रेड मारून डाव्या पायावर वळताना भीती वाटत नाही.