रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड : हवाई अंतर किती, आणि लोक जातात कसे?

माणदेशी_मास्तर
नववीच्या वर्गात अक्षांश-रेखांश शिकवताना कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातली दोन गावं दिली होती : रेझोल्यूट (७४°४३′ उ., ९४°५८′ प.) आणि ग्रीस फियॉर्ड (७६°२५′ उ., ८२°५४′ प.). एका मुलीने रेखांशातला १२ अंशांचा फरक १११ ने गुणून १,३३२ किमी काढले. ते कसं चुकतं हे तिला समजावून सांगेन. पण तिने पुढे विचारलं, "सर, तिथली माणसं एकमेकांकडे जातात कशी?" याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. तिकडचं कुणी आहे का इथे?

उत्तरवारा
सर, मी काही वर्षं कॅनडात उत्तरेकडच्या विमानफेऱ्यांचं नियोजन केलंय. अंतर सुमारे ३८५ किमी. ७५ अंशांच्या आसपास रेखांशाचा एक अंश जेमतेम २८ किमीचा उरतो (मुंबईला तोच १०५ किमी आहे). म्हणजे पूर्व-पश्चिम साधारण ३३५, दक्षिण-उत्तर १९०. पायथागोरस लावलात तरी उत्तर जुळतं. एवढ्या कमी अंतराला पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही.

मात्र हे ३८५ किमी रस्त्याने जाता येत नाहीत, कारण रस्ताच नाही. दोन्ही गावं वेगवेगळ्या बेटांवर आहेत. जायचं ते ट्विन ऑटर नावाच्या छोट्या विमानाने, दीडेक तासात. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची, जेमतेम ५०० मीटरची आणि डोंगराला लागून, त्यामुळे मोठं विमान तिथे उतरूच शकत नाही. वारा फिरला की फेरी रद्द. निघालं तरी उतरता आलं नाही तर परत फिरण्यापुरतं इंधन घ्यावं लागतं, आणि तेवढं सामान किंवा माणसं मागे राहतात. औषधं आणि ताजी भाजी ज्या गावात याच विमानाने येते, तिथे ही गोष्ट साधी नाही.

आणखी एक. चुंबकीय ध्रुवाकडच्या या भागात होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तिथे दिशा खऱ्या उत्तरेवरून मोजतात. धावपट्ट्यांचे क्रमांकसुद्धा (ते दिशेच्या अंशांवरूनच ठरतात).

जुनी_पाने
२०२१ च्या जनगणनेत ग्रीस फियॉर्डमध्ये १४४ माणसं होती, रेझोल्यूटमध्ये १८३. ही वस्ती आपणहून झालेली नाही. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून इनुइट (तिथले मूळ रहिवासी) कुटुंबं सुमारे २,००० किमी उत्तरेला आणून या दोन ठिकाणी वसवली. दोन वर्षांनी परत जाता येईल असं सांगितलं होतं, ते पाळलं नाही. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. एकाच बोटीतून आणलेले नातेवाईक दोन बेटांवर विभागले गेले. मुलांना अंतर शिकवताना हेही सांगावं असं मला मनापासून वाटतं.

माणदेशी_मास्तर
सांगेन नक्की. @उत्तरवारा, नुनावुतची राजधानी इकालुइटहून ग्रीस फियॉर्डला थेट विमान आहे का?

उत्तरवारा
नाही, नेहमीचा मार्ग रेझोल्यूटवरूनच. सरळ रेषेत ते १,५०० किमी भरतं. पण इकालुइट-रेझोल्यूट १,५७५ आणि पुढचे ३८५, म्हणजे १,९६० किमी उडावं लागतं. त्या मुलीला हे तिन्ही आकडे काढायला द्या. इकालुइट : ६३°४५′ उ., ६८°३३′ प. मात्र इथे पायथागोरस चालणार नाही, गोलावरचं सूत्रच लागेल.