‘मृत्युपूर्व जबानी’ की ‘मृत्युपूर्व जबाब’? आणि साक्षीदाराला ‘फितूर’ म्हणावं का?

प्रश्न : नाशिकच्या एका खून खटल्याच्या बातमीत ‘मृत्युपूर्व जबानी’, ‘मृत्युपूर्व जबाब’ आणि ‘साक्षीदार फितूर’ असं सगळंच आलं होतं. जबानी आणि जबाब एकच का? आणि फितूर म्हणजे पैसे खाल्लेला असंच समजायचं का?

उत्तर : ताई, सीबीएसजवळच्या कोर्टात मराठी साक्षी टंकण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्हींचा अर्थ एकच: मरण पावलेल्या माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल आधी सांगून ठेवलेलं. चलनात दोन्ही आहेत, पण मी ‘जबाब’च्या बाजूचा. जबानीत जबान आहे, म्हणजे जीभ. 1885 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे गळा चिरलेल्या एका तरुणीचं प्रकरण आलं. ती शुद्धीवर होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. एकेक नाव घेऊन ‘याने मारलं का?’ विचारत गेले आणि ती हाताच्या खुणेने सांगत गेली. विचारलेले प्रश्न आणि तिच्या खुणा मिळून ते तिचं कथनच आहे, असं न्यायालयाने धरलं. तिथे जबानी कुठली? जबाब मात्र होता.

‘मृत्युपूर्व’ शब्द तर फारच नेमका आहे. इंग्लंडच्या कायद्यात, आपण आता वाचत नाही अशी बोलणाऱ्याची खात्री लागायची. आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याने कलम 32 मध्ये ती अट ठेवलीच नाही. त्याच्या जागी आलेल्या आताच्या साक्ष्य अधिनियमातही (कलम 26) ती नाही. बोलणं मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा ज्या घडामोडीत मृत्यू आला तिच्याबद्दल असलं की झालं. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे इंग्रजी अमलातलं लंडनचं शेवटचं अपील न्यायालय. त्याच्या 1939 च्या निकालात, येणं असलेले पैसे घ्यायला अमक्या गावी जातोय असं बायकोला सांगून निघालेल्या माणसाचं बोलणंही ग्राह्य धरलं. मरण त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून ‘मृत्युशय्येवरचा जबाब’ म्हणू नये.

आता वजनाचं. मरणारा माणूस खोटं बोलत नाही, एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. खुशाल राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली सांगितलं की जबाब खरा वाटला तर एकट्या त्याच्यावर शिक्षा होऊ शकते. पण ज्याची उलटतपासणी घेता येत नाही तो पुरावा डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो: शुद्ध होती का, कोणी पढवलं का, शब्द त्याचेच आहेत का. 2002 च्या लक्ष्मण खटल्यात घटनापीठाने म्हटलं की, जबाब घेणाऱ्याची रुग्णाच्या शुद्धीबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही.

मला स्वतःला शब्दांची कसोटी सगळ्यात मोठी वाटते. सुरगाण्याकडची, घरात कोकणा बोलणारी बाई जळाल्या अंगाने ‘सदर इसमाने माझे अंगावर ज्वलनशील पदार्थ ओतून’ असं म्हणेल? ते कारकुनाचं वाक्य आहे. ‘माझ्यावर घासलेट वतलं’ असं लिहिलेलं असेल तर तिचा आवाज कागदावर उतरलाय. जबाब घेणाऱ्यांनी हे कृपा करून पाळावं. भाषा सुधारण्याची ती जागा नव्हे.

पोलिसांकडे नोंदवलेलं कोर्टात नाकारणाऱ्या साक्षीदाराला बातम्यांत ‘फितूर’ म्हणतात. तो शब्द मला खटकतो. किल्ला फितूर होतो तो शत्रूला सामील होऊन. कायदा एवढंच म्हणतो की, बोलावणाऱ्या पक्षाला आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी कोर्ट देऊ शकतं. माणूस धाकाने फिरतो, भावकीच्या दबावाने फिरतो, आणि कधी पोलिसांनी लिहिलेलं त्याने सांगितलेलंच नसतं. आमच्याकडे ‘साक्षीदार उलटला’ म्हणत, तेच बरं. शिवाय उलटला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. दुसऱ्या पुराव्याशी जुळेल तेवढी घेता येते. 1957 च्याच वडिवेलू तेवर निकालात साक्षीदार तीन तऱ्हांचे सांगितलेत: पूर्ण विश्वासाचे, अजिबात विश्वास न ठेवण्याजोगे आणि मधले. खरी डोकेफोड मधल्यांची, त्यांना आधार शोधावा लागतो.

प्रश्न : धन्यवाद काका. जबाब देणारी वाचली तर?

उत्तर : मग तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही. तिने पिंजऱ्यात येऊन साक्ष द्यायची, आरोपीच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची. आधीचा कागद तिचं आधीचं कथन म्हणून पुष्टीला किंवा विसंगती दाखवायला वापरतात. बातमीत नुसतं ‘जबाब’ लिहावं.