ब्लॉगला वाचक हवेत? मग नवे लेख काही दिवस बंद करा

समासरेषा
वाचक वाढत नाहीत म्हटले की ठरलेला सल्ला मिळतो: नियमित लिहा, आठवड्याला एक तरी लेख टाका. मला हा सल्लाच उफराटा वाटतो. गूगलसारख्या शोधातून येणारा माणूस तुमच्या ताज्या लेखावर क्वचितच उतरतो, तो येतो कुठल्यातरी जुन्या लेखावर. तिथे मथळा 'थोडेसे मनातले', पहिले दोन परिच्छेद 'बरेच दिवस लिहायचे होते, पण सवड होत नव्हती' यात खर्ची पडलेले, निम्मे दुवे मेलेले आणि करड्यावर करडी अक्षरे. तो आल्या पावली परत जातो आणि आपण जागरणे करून पुढचा लेख पाडत बसतो.

म्हणून दोन-तीन महिने नवे लिखाण बंद. आकडेवारीत सर्वात जास्त उघडले जाणारे लेख काढा आणि तेवढेच दुरुस्त करा. मथळ्यात विषय यायला हवा. पहिल्या चार ओळींत पुढे काय आहे ते कळायला हवे. आणि आपल्या दुसऱ्या लेखाचा दुवा तळाशी ढिगात नको, जिथे त्याचा संबंध येतो त्या वाक्यातच हवा. लोक संकेतस्थळे कशी वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांच्या १९९७च्या पाहणीत ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. चाळणाऱ्याला थांबवले नाही तर वाचणारा कुठून येणार?

शाईपुसणी
साफ असहमत. शोधातून आलेला माणूस उत्तर घेतो आणि निघून जातो. लेखकाचे नावसुद्धा त्याच्या लक्षात राहत नाही. मी जे ब्लॉग वर्षानुवर्षे वाचत आलोय त्यांतल्या निम्म्यांचे मथळे भयंकर आहेत. तरी जातो, कारण ती व्यक्ती एखाद्या गोष्टीकडे कशी बघते ते वाचायचे असते. 'पुढे काय आहे' हे चार ओळींत सांगून टाकले तर ललित लेखात उरले काय?

आणि निल्सन यांनी लिखाणाचे वेगवेगळे नमुने कशावर तपासले? पर्यटनाची माहिती देणाऱ्या पानांवर. तो निकष आठवणींच्या लेखाला लावू नका.

दौत
त्याच प्रयोगातले एक मात्र ललितवाल्यांनीही घ्यावे. मजकूर तोच ठेवून फक्त फुशारकीची भाषा काढली, तर वापरसुलभता, म्हणजे पान वापरायची सोय, २७ टक्क्यांनी वाढली. 'अप्रतिम', 'अविस्मरणीय', 'शब्दच अपुरे' हे आमच्या ब्लॉगांवर बदाबदा सांडलेले असते.

दुसरे, प्रतिसाद नाहीत म्हणून रडू नका. निल्सन यांनीच २००६ साली ढोबळ हिशेब मांडला होता: ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात, बहुतेक बोलणे उरलेल्या १ टक्क्याचे. लेखाच्या शेवटी 'तुम्हाला काय वाटते?' असे मोघम विचारून कोणी बोलत नाही. ज्याचे उत्तर दोन ओळींत देता येईल असे नेमके काहीतरी विचारा. आणि जो बोलला त्याला त्याच दिवशी उत्तर द्या, बाहुलीचा हसरा चेहरा टाकून मोकळे होऊ नका.

अर्धविराम
माझा कल शाईपुसणींकडे, पण कारण वेगळे. शोधयंत्राच्या भरवशावर घर बांधण्याचे दिवस संपत आलेत. २०२४च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत शोधाच्या पानावरच यंत्राने रचलेली उत्तरे द्यायला सुरुवात केली, पुढे ती इतर देशांतही आली. उत्तर वरच मिळाले तर खाली कोण येईल? याआधी १ जुलै २०१३ला गूगल रीडर, म्हणजे अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी दाखवणारी सोय, बंद झाली तेव्हाही कित्येक ब्लॉगांचा नेहमीचा वाचक विखुरला होता. रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असला की असेच होणार. म्हणून इमेलची यादी करा. छोटी असली तरी ती आपली असते.

समासरेषा
इमेलचे मान्य. पण यादीत नाव घालायच्या आधी माणूस कुठलातरी लेख वाचतोच ना? तो धड असू द्या, एवढेच म्हणतोय.

शाईपुसणी, ललित लेखाची सुरुवात फोडा असे मी म्हटलेले नाही. 'सवड होत नव्हती' हे काही ललित नव्हे.

शाईपुसणी
तेवढे मान्य. नवे लिखाण बंद करणे मात्र नाही. लिहिण्याची सवय मोडली की पुन्हा बसवायला महिने जातात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली न लिहिण्याची सोय आयती मिळते.

रात्रपाळी
एक शंका. जुन्या लेखाचा मथळा बदलला तर त्याचा जालावरचा पत्ताही (यूआरएल) बदलायचा का?

दौत
अजिबात नको. मथळा खुशाल बदला, पत्ता तोच ठेवा, नाहीतर इतरांनी दिलेले दुवे तुटतील. बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१, लावा. आणि मजकुरात खरोखर बदल केला असेल तरच 'सुधारित' म्हणून नवी तारीख घाला. नुसती तारीख पुढे ढकलणारे ब्लॉग मी वाचणे सोडून दिलेत.