पेट्रोलवरचे कार्बन परवाने: ईशान्य अमेरिकेत पुन्हा प्रयत्न करावा का?

वूस्टरची_वाट

नमस्कार मंडळी. मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला राहतो. आमच्या भागातल्या काही शेजाऱ्यांनी मिळून हवामान आणि वाहतूक या विषयावर एक गट केला आहे, आणि सध्या त्यात दोन तट पडलेत. 2021 च्या कायद्यानुसार 2030 पर्यंत राज्याचं उत्सर्जन 1990 च्या निम्म्यावर यायला हवं. आपल्याकडे सगळ्यात जास्त उत्सर्जन वाहतुकीचं, त्यामुळे गाड्यांना हात लावल्याशिवाय ते जमणार नाही हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. एक तट म्हणतो, 'ट्रान्सपोर्टेशन अँड क्लायमेट इनिशिएटिव्ह' म्हणजे टीसीआय पुन्हा आणा. गाड्यांच्या इंधनातून निघणाऱ्या धुरासाठी कार्बन परवाने घ्यायला लावणारी ही ईशान्येकडच्या राज्यांची योजना, 2020 मध्ये करार होऊनही कधी सुरूच झाली नाही. दुसरा म्हणतो, तो पेट्रोलवरचा छुपा कर होता, बरं झालं गेला.

माझी बायको हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते. तिच्या वेळेला बस नसते, गाडी काढावीच लागते. म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय. परवान्याचे पैसे नक्की कोण भरतं? पेट्रोल थोडं महागलं म्हणून उत्सर्जन खरंच कमी होतं का? आणि करार झाल्यावर सगळं मोडलं कशामुळे?

टर्मिनलवाली

मी कॅलिफोर्नियात एका इंधन पुरवठादाराकडे परवान्यांचा हिशेब ठेवायचे, आता ऱ्होड आयलंडमध्ये आहे. त्यामुळे हा विषय मी पंपावरून नाही, टर्मिनलवरून, म्हणजे जिथून इंधनाचे टँकर भरून निघतात त्या साठ्याच्या जागेवरून बघते.

परवाना ना तुम्ही विकत घेता, ना पंपवाला. कॅलिफोर्नियाने 2015 पासून इंधन आपल्या कार्बन परवान्यांच्या योजनेत घेतलं, तेव्हा जबाबदारी टाकली ती टर्मिनलच्या रॅकवर, म्हणजे टँकर भरायच्या जागी, ज्याच्या मालकीचं इंधन टँकरमध्ये भरलं जातं त्याच्यावर. एक टन कार्बन डायऑक्साइडला एक परवाना. शुद्ध पेट्रोलच्या गॅलनमागे सुमारे 8.9 किलो निघतो. आपल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हिशेबात धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात 8 किलोच्या आसपास. साडेआठ हजार गॅलनचा टँकर फाटकाबाहेर पडला की आमच्या वहीत जवळपास सत्तर टन चढायचे. दरवर्षी मागच्या वर्षाच्या उत्सर्जनाच्या तीस टक्के परवाने जमा करायचे आणि उरलेले तीन वर्षांचा टप्पा संपल्यावर. मोजकेच पुरवठादार असल्यामुळे तपासणी सोपी जाते. लाखो गाड्यांच्या मागे कोणी धावत नाही.

पुरवठादार तो खर्च अर्थातच गॅलनच्या भावात घालतो. टनाला 10 डॉलर भाव असेल तर गॅलनला आठ-नऊ सेंट, 30 डॉलर असेल तर पंचवीसच्या आसपास. टीसीआयचा सुरुवातीचा अंदाज पाच ते नऊ सेंटचा होता. वर्षाला 500 गॅलन जाळणाऱ्या घरावर नऊ सेंटने 45 डॉलर बसतात. रक्कम मोठी नाही, पण तुमच्या घरासारख्या, गाडीशिवाय पर्याय नसलेल्या घरांनीच ती का सोसावी हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

नऊ सेंटने कोणी गाडी चालवणं सोडत नाही. पेट्रोलचा भाव कधीकधी एका आठवड्यात त्याहून जास्त हलतो. माझ्या मते या योजनेचं खरं बळ दोन ठिकाणी असतं: एकूण किती परवाने काढायचे याची दरवर्षी खाली येणारी मर्यादा, आणि राज्य ते परवाने लिलावात विकतं त्यातून येणारा पैसा. मर्यादा नसेल तर तो नुसता कर उरतो. आणि पैसा बसला, रेल्वेला, विजेच्या गाड्यांना गेला नाही, तर मर्यादा खाली येईल तसा भाव चढत जातो आणि लोकांपुढे दुसरा रस्ता नसतो. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये लिलावाच्या पैशातला चौथा हिस्सा वेगवान रेल्वेला ठरवून दिला, शिवाय स्थानिक बस-रेल्वेला आणि स्थानकांजवळच्या परवडणाऱ्या घरांना वेगळा वाटा. रेल्वे रखडली, पण बसचा पैसा गावोगावी पोचला.

आता मोडलं कसं ते. टीसीआय 2010 पासून चर्चेत होतं. 2018 च्या डिसेंबरात नऊ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांनी मिळून योजना आखायचं ठरवलं. 2019 च्या डिसेंबरात मसुदा आला आणि न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरनी लगेच नकार दिला. 21 डिसेंबर 2020 ला सह्या झाल्या त्या फक्त मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि डीसीच्या. न्यूयॉर्क नाही, न्यू जर्सी नाही. ठरलं असं होतं की 2023 ला सुरू करून 2032 पर्यंत उत्सर्जन 2022 च्या तुलनेत 26 टक्के खाली आणायचं, वर्षाला सुमारे 30 कोटी डॉलर उभे करायचे आणि त्यातले किमान 35 टक्के प्रदूषणाचा जास्त भार सोसणाऱ्या आणि सोयींपासून दूर राहिलेल्या वस्त्यांसाठी ठेवायचे. 2021 च्या शरद ऋतूत पेट्रोल महागलं. नोव्हेंबरात कनेटिकटचे गव्हर्नर लॅमॉंट यांनी विधिमंडळात हे पुढे नेणार नाही म्हणून सांगितलं, आणि दोनच दिवसांत मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर बेकर यांनीही हात काढून घेतला. त्याच आठवड्यात केंद्राच्या पायाभूत सुविधा कायद्यावर सही झाली होती, त्या पैशाचं कारण त्यांना पुरलं. तिघांतली मोठी दोन राज्यं गेल्यावर एकट्या ऱ्होड आयलंडने काय करायचं?

सीमेवरचा

मी नॅशुआत, न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. घरदुरुस्तीची कामं घेतो, व्हॅनशिवाय माझं पोट चालत नाही. ताई, तुमचा हिशेब बरोबर असेलही, पण एक बाजू राहिली. टीसीआय आलं असतं तर सीमेपलीकडचे लोक आमच्याकडे येऊन टाकी भरून गेले असते. सेल्स टॅक्स नाही म्हणून आजही खरेदीला येतातच. धूर तेवढाच, फक्त वही बदलली. आणि मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2014 मध्ये पेट्रोल कर महागाईशी जोडणारी तरतूद मतदानाने रद्द केली होती. लोकांनी एकदा स्पष्ट नाही म्हटलं असताना तीच वाढ परवान्याच्या नावाने आणायची, हे मला पटत नाही.

सिअॅटलहून

वॉशिंग्टन राज्याचा अनुभव सांगतो. आमची कार्बन परवान्यांची योजना जानेवारी 2023 ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवसापासून इंधन तिच्यात होतं. लिलावात भाव भराभर चढला, ऑगस्टमध्ये टनाला 60 डॉलरच्या पुढे गेला, आणि लोक खरंच भडकले. योजना रद्द करायचा प्रस्ताव नोव्हेंबर 2024 मध्ये मतदानाला आला. माझे शेजारी रद्द करा म्हणणारे होते. निकाल उलटा लागला, सुमारे 62 टक्के मतं योजना ठेवायच्या बाजूने पडली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट झाली होती, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांना वीजबिलात 200 डॉलरची सूट मिळाली होती. योजना गेली तर या पैशाचा झरा आटणार हे प्रचारात लोकांना कळलं होतं. माझी धाकटी मुलगी त्याच बसने लायब्ररीत जाते.

वूस्टरची_वाट

मनापासून आभार. इथल्या बसना 2020 पासून तिकीट नाही, त्यामुळे फुकट बसचं महत्त्व गटात कोणाला पटवावं लागणार नाही. ती रात्री धावत नाही ही खरी अडचण. टर्मिनलवाली ताई, सीमेवरच्यांच्या मुद्द्याला तुमचं उत्तर काय?

टर्मिनलवाली

सीमेवरच्या दादांचं बोलणं मला निम्मं मान्य आहे. गळती होते, आणि तीन छोट्या राज्यांच्या योजनेत ती जास्त होते. पण आठ-नऊ सेंटसाठी पंधरा गॅलनच्या टाकीमागे सव्वा डॉलर वाचतो, तेवढ्यासाठी मुद्दाम वीस मैल कोण जाईल? सीमेलगतचे जातील, तुमच्या गावाजवळचे पंप भरतील. म्हणून तर हे प्रादेशिक करायचं असतं. आणि तुमचं राज्य अशा योजनेत आधीपासून आहेच. वीजकेंद्रांसाठीची रेजी योजना 2009 पासून चालू आहे आणि न्यू हॅम्पशायर तिच्यात पहिल्यापासून आहे. न्यू जर्सी त्यातून बाहेर पडलं आणि 2020 मध्ये परत आलं, व्हर्जिनिया 2021 मध्ये आलं आणि 2023 संपताना गेलं, तरी बाकीची राज्यं एकत्र राहिल्यामुळे योजना तगली. टीसीआयला ती संख्या कधीच मिळाली नाही. रेजीमुळे आणखी एक गोष्ट होते: कोणी विजेची गाडी घेतली तर तिच्या विजेचा धूरही एका मर्यादेखाली येतो. आपल्या भागात जळणारं पेट्रोल मात्र आज अशा कुठल्याच मर्यादेखाली नाही, आणि मला खटकतं ते हेच.

2014 च्या मतदानाबद्दल दादांशी माझं जमत नाही. तिथे लोकांनी नाकारलं ते दरवर्षी आपोआप वाढणाऱ्या कराला. माझ्या मते पैसा कुठे जाणार हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलं नव्हतं. वॉशिंग्टनचे लोक त्याहून कितीतरी मोठी वाढ सोसूनही योजनेच्या बाजूने उभे राहिले.

वूस्टरच्या दादांना एकच सांगते. गटात योजनेच्या नावावरून भांडू नका. आधी रात्रीच्या बसचा मार्ग आखा, हॉस्पिटलच्या पाळ्यांच्या वेळा घ्या, त्याला वर्षाला किती खर्च येईल ते बस चालवणाऱ्यांकडून लिहून घ्या. मग आमदारांकडे जा आणि विचारा, पुढचा प्रादेशिक करार झाला तर लिलावाच्या पैशातून हा मार्ग कायद्याने पक्का करून द्याल का. मागच्या करारात 35 टक्क्यांचं वचन होतं, पण कुठल्या गावाला कुठली बस मिळणार हे सह्या झाल्यावर राज्याराज्यांनी ठरवायचं होतं, आणि तिथवर गाडी पोचलीच नाही. हिशेब मांडायला मदत लागली तर मला कळवा. इंधनाच्या आकड्यांचा तक्ता मी बसवून देईन.