खाणी, गुहा, भुयारं: जमिनीखालचे सिनेमे आणि आपल्या आठवणी

मंडईजवळची
परवा आईला घेऊन सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलली. तिथलं भुयारी स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल. सरकत्या जिन्यांवरून खाली, आणखी खाली जातोय, तर आईनं माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "काला पत्थर आठवला गं."

तो सिनेमा १९७९चा. मी पाहिला बऱ्याच वर्षांनी, गणपतीत, गल्लीत आडवा पडदा लावला होता तेव्हा. समोर जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या उलट्या बाजूला बसलेलो, त्यामुळे डावखुरा अमिताभ आम्हाला उजवा दिसत होता. खाणीत पाणी घुसायला लागलं आणि आई उठून घरी गेली. बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात, त्या दिवशी रात्रपाळी. मला वाटलं तिला झोप आली. परवा कळलं, सकाळी बाबांची सायकल अंगणात येईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून होती.

तुम्ही असे सिनेमे कुठे, कोणाबरोबर पाहिलेत? लिहा ना.

चिंचवडकर७२
इंडियाना जोन्सचा दुसरा भाग! १९८४चा. आपल्याकडे बंदी होती, म्हणून वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणला. खाणीतल्या ढकलगाड्यांचा पाठलाग सुरू झाला की अख्खी खोली वळणाबरोबर डावीकडे, मग उजवीकडे. माझा धाकटा भाऊ पलंगावरून खाली पडला, रडायचं सोडून "रिवाइंड कर" म्हणाला. त्यातली काही दृश्यं छोट्या मॉडेलवर घेतली आहेत, फोटो काढायच्या निकॉन कॅमेऱ्यात फेरफार करून. हे कळल्यावर तर मला तो प्रसंग आणखीच आवडायला लागला. आणि आपले अमरीश पुरी! काय दरारा होता.

ऋतुजा_कोथरूड
ताई, उंबऱ्यावर बसून होती वाचलं आणि भरून आलं. कुकर लावलाय, नंतर नीट लिहिते.

पेठेतला
सिनेमा नाही, पण शनिवारवाड्यातून पर्वतीला भुयार जातं, हे शाळेत असताना कोणी ऐकलं नव्हतं? आम्ही तिघं बॅटरी घेऊन शोधायला निघालो होतो. भुयार नाही सापडलं. खरं भुयार म्हणजे कात्रजच्या तलावातून वाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ, नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. माणूस उतरेल एवढा मोठा, मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा जायला ठेवलेली उघडी तोंडं. त्यावर कोणीतरी सिनेमा काढायलाच हवा.

मंडईजवळची
@पेठेतला आमच्या शाळेत ते भुयार सिंहगडापर्यंत जायचं!

बल्लारपूरची_लेक
माझे बाबा कोळसा खाणीत होते. ३१ वर्षं. आंघोळ करून आले तरी डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ असायची, ती साबणानं निघत नसे. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काजळ का लावतात?

खाली उतरताना दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा बिल्ला फळीवर टांगायचा, वर आलं की काढायचा. पाळी संपली आणि फळीवर बिल्ला राहिला, की सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

काला पत्थर त्यांनी कधीच पूर्ण पाहिला नाही. त्याच्या मागे धनबादजवळचं चासनाला आहे, २७ डिसेंबर १९७५. खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. बाबा म्हणायचे, शेवट मला माहीत आहे.

२०२३ मध्ये मात्र त्यांना पुण्यात मिशन राणीगंज दाखवला. १९८९ची खरी गोष्ट, जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल खाली सोडून ६५ जण एकेक करून वर काढले. एकेक माणूस वर यायला लागला तसे बाबा बोटांच्या पेरांवर मोजत होते. दिवे लागले तरी उठेनात. तीन महिन्यांनी गेले.

चिंचवडकर७२
काय लिहू सुचत नाही. काकांना नमस्कार.

दगडधोंडे
सगळ्यांचं वाचतोय. एक सांगू का, सिनेमातल्या त्या छतावरून लोंबणाऱ्या दगडी झुंबरांच्या गुहा सह्याद्रीत शोधू नका. आपला बेसाल्ट. तशा गुहा चुनखडीत, पाण्यानं दगड विरघळून होतात. आंध्रातल्या बोरा आणि बेलम पाहा, बेलम तर तीन किलोमीटरहून लांब. आणि पाताळेश्वर, कार्ले, भाजे ही लेणी आहेत, माणसानं छिन्नीनं कोरलेली. पाताळेश्वरात भर मे महिन्यात शिरा, बाहेर जंगली महाराज रस्ता गरगरतोय आणि आत पायाखालची फरशी गार. मला सिनेमातल्या कुठल्याही गुहेपेक्षा तीच जागा प्रिय.

वैशाली_औंध
थायलंडची मुलं आठवतात का? २०१८, बारा मुलं आणि त्यांचा कोच, अठरा दिवस गुहेत. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, रोज शाळेतून आला की आधी विचारायचा, "निघाले का?" पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, ते कळल्यावर त्यानं वर्गात सांगितलं. पुढे थर्टीन लाइव्ह्ज पाहिला. मुलांना बेशुद्ध करून पाण्याखालून आणतात, तेव्हा त्यानं टीव्ही थांबवला, पाणी प्यायला आणि मग पुन्हा लावला.

नीलम_हडपसर
मेट्रोचं विचारते, राग मानू नका. मंडईच्या स्टेशनला लिफ्ट चालू असते का? सासूबाईंचे गुडघे.

मंडईजवळची
@नीलम हो, परवा आम्ही लिफ्टनंच वर आलो. सकाळी लवकर न्या, गर्दी कमी असते.

@बल्लारपूरची_लेक तुमचं आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, बाबांचा बिल्ला नंबर आठवतो का?

बल्लारपूरची_लेक
३१७. त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेला आहे. मी त्यात आता मोहरी ठेवते.

ऋतुजा_कोथरूड
आले. वरण लागलं.