होमस्कूलिंगच्या आकड्यांचा आलेख जुळत नाही, मदत हवी आहे

आलेखात अडकलेली
नमस्कार. होमस्कूलिंगचे, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याचे, प्रमाण वाढते आहे की घटते, हे दाखवणारा आलेख मला शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. माझ्याकडे २०१२ साठी ३.४, २०१६ साठी ३.३, २०१९ साठी २.८ आणि २०२० साठी ५.४ व ११.१ टक्के असे आकडे आहेत. इतकी वर्षे सपाट, किंबहुना किंचित उतरती असलेली रेषा एकाएकी चौपट उंचावते, हे माझ्या मार्गदर्शकांना पटत नाही. यातला चुकीचा आकडा कोणता, तेवढे कृपया लवकर सांगावे.

पडताळणी
देश कोणता? आकडे कोणत्या पाहणीतले? आणि टक्के कशाचे, मुलांचे की कुटुंबांचे?

आलेखात अडकलेली
देश अमेरिका, ते आकड्यांवरून कळेल असे मी गृहीत धरले होते. पहिले तीन आकडे राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या घरोघरच्या पाहणीतले आहेत, तर २०२० चे दोन्ही जनगणना विभागाच्या पल्स पाहणीतले, म्हणजे कोविडकाळात सुरू झालेल्या झटपट ऑनलाइन पाहणीतले. टक्के अर्थातच मुलांचे असणार.

पडताळणी
तिथेच गफलत आहे. पहिले तीन आकडे मुलांचे आहेत. पल्समधले मात्र शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांचे. तीन मुलांपैकी एकच घरी शिकत असले तरी ते कुटुंब पूर्ण धरले जाते.

दोन मुलांची आई
एप्रिल २०२० मध्ये पल्सची प्रश्नावली मी स्वतः भरली आहे. सरकारी शाळेचे दार बंद होते, मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून शाळेनेच दिलेला गृहपाठ करत होती आणि एकापेक्षा अधिक पर्याय निवडता येत असल्यामुळे मी ‘सरकारी किंवा खासगी शाळा’ आणि ‘होमस्कूलिंग’ या दोन्हींवर खूण केली. शरद ऋतूत प्रश्नातच खुलासा आला, की शाळेत नाव असलेली मुले यात धरू नयेत. म्हणजे ५.४ मध्ये माझ्यासारख्यांची भर आहे, आणि ११.१ हे वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

काळजीवाहू
मुले घरी शिकली तर चारचौघांत मिसळायला कशी शिकणार, याचा आधी विचार व्हावा.

दोन मुलांची आई
तो विषय महत्त्वाचा आहे, पण इथे प्रश्न मोजणीचा आहे.

नोंदवही
पाहण्यांच्या नादी लागूच नये. मूल घरी शिकवत आहोत असे कळवणाऱ्या, पालकांनी दिलेल्या सूचनापत्रांची नोंद राज्यांकडे असते. ती बेरीज करावी. मी अनेक वर्षे हेच काम केले आहे.

पडताळणी
आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण ही बेरीज पुरी होणार नाही. टेक्सास, इलिनॉय, मिशिगन येथे पालकांनी कळवणे बंधनकारकच नाही, आणि जिथे एकदाच कळवावे लागते तिथे मूल शाळेत परतले तरी नाव यादीत राहू शकते. ॲरिझोनात तर शासन मुलाच्या शिक्षणासाठी ज्या वैयक्तिक खात्यात पैसे भरते त्यातून पैसे घेऊन घरी शिकणारे मूल कायद्याने होमस्कूलिंगमध्ये धरतच नाहीत, मग त्याचा दिवस शेजारच्या होमस्कूलिंगवाल्या मुलासारखाच का जाईना.

नोंदवही
हे मान्य. तरीही एकाच राज्यातली, एकाच नियमाखालची वाढ-घट नोंदींतून दिसते, आणि ती राष्ट्रीय पाहणीतल्या लहान नमुन्यातून दिसत नाही.

आलेखात अडकलेली
म्हणजे चुकीचा आकडा एकही नाही, मीच ते एका रेषेत ओवले. मग २०१९ नंतर पुढे काय जोडू?

पडताळणी
त्याच केंद्राची २०२२-२३ ची पाहणी घ्यावी: होमस्कूलिंग ३.४ टक्के, आणि पूर्णवेळ ऑनलाइन शिकणारी मुले २.५ टक्के. आठवड्याला २५ तासांपेक्षा अधिक शाळेत जाणारे मूल या केंद्राच्या व्याख्येत बसत नाही, ही टीप द्यावी. रेषा १९९९ च्या १.७ टक्क्यांपासून काढणार असाल तर २०१२ पाशी खंड दाखवावा, कारण तोवर फोनवर होणारी पाहणी तिथून टपालाने होऊ लागली. पल्सचे आकडे स्वतंत्र चौकटीत, कुटुंबांचे म्हणून द्यावेत.

आलेखात अडकलेली
खंडासह नवा आलेख आज रात्री काढते. ऑनलाइनवाली मुले मी वेगळ्या रंगात दाखवणार आहे, बेरजेत घेणार नाही.